ओठांची कड

शृंगार या शब्दाशी आमच्या पिढीतील मध्यमवर्गीय स्त्रीचे नाते मोठे चमत्कारिक होते. काजळाची डबी, कुंकवाचा करंडा, फणी आणि वेणी यांना घरात कुणी शृंगार म्हणत नसे. ती रीतच होती. परंतु त्याच करंड्याशेजारी ओठांना लावावयाची एखादी रंगीत कांडी येऊन बसली, की वडीलधाऱ्यांच्या भुवया वर चढत. त्यातून ती बाई शाळेत शिकवणारी असली म्हणजे पाहावयासच नको. अशा वातावरणात वाढलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने ओठांच्या कडेने फिरवावयाच्या पेन्सिलीवर लिहावे, याचे काही वाचक भगिनींना नवल वाटेल. बाजारात तिला ‘लिप लायनर’ म्हणतात. आमच्या घरी तिचे नाव ‘ओठाची कड’ असे पडले आहे. जवळजवळ तीस वर्षे ही पेन्सिल माझ्यापाशी आहे, आणि तिच्याविषयी सांगण्याजोगे माझ्याजवळ थोडे आहे.

माझे सासर सौंसरचे आणि माहेर पांढुर्ण्याचे. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या या दोन्ही तहसिली २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहेत. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. परंतु सोयरिकी, बाजारहाट आणि दवाखाने यांसाठी आमची पावले नागपूरकडेच वळत आली. सौंसरकरांची ती जुनी छोटी लाईन २०१५ साली बंद झाली आणि तिच्या जागी आता मोठी लाईन आली आहे. त्या छोट्या गाडीच्या लाकडी बाकावर बसून, तोंडावर पदर धरून, मी नागपूरच्या किती खेपा केल्या त्याचा हिशेब नाही.

पदर धरण्याचे कारण असे. १९८८ च्या उन्हाळ्यात माझ्या वरच्या ओठाच्या डाव्या कडेवर तिळाएवढा पांढरा ठिपका दिसू लागला. पोळ्यापर्यंत तो ज्वारीच्या दाण्याएवढा झाला, आणि संक्रांतीला ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांशी व हनुवटीवर त्याची भावंडे उमटली. दुखत नव्हते, खाजत नव्हते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी तेवढ्या जागेपुरत्या नाहीशा झाल्या होत्या, इतकेच. आपण त्याला कोड म्हणतो. शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच या रंगपेशींना शत्रू समजून नष्ट करते, असे वैद्यकशास्त्र सांगते. दर शंभर-दोनशे माणसांमागे एकाला ते असते. ते स्पर्शाने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही, आणि त्याने आयुष्याचा एक दिवसही कमी होत नाही. महारोगाशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही. तरीही ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या नावाने दोहोंची गाठ लोकांच्या मनात पक्की बांधून ठेवली आहे.

ही गाठ किती पक्की असते, ते त्या वर्षीच्या हळदी-कुंकवाला कळले. मला कुणी वावगे बोलले नाही. आमच्याकडची माणसे तशी बोलत नाहीत. एकीने मला कुंकू लावताना बोट कपाळाला टेकू न देता चिमटीतली पिंजर वरूनच सोडली, एवढेच. दुसरीने तिळगूळ हातावर न ठेवता बशीत ठेवला. वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवण्याचा वेळ माझ्याही नकळत वाढत गेला. मुली हुशार असतात. एकीने वहीच्या मागच्या पानावर माझे चित्र काढले होते आणि त्यातल्या ओठाचा एक कोपरा कोराच सोडला होता. चित्र चांगले होते.

उपाय पुष्कळ झाले. जामसावळीच्या मारुतीच्या तीर्थाने त्वचेचे विकार बरे होतात अशी आमच्या भागात श्रद्धा आहे. सासूबाईंनी मला पाच शनिवार तिथे नेले, आणि त्या पाच शनिवारांत त्यांनी माझ्यासाठी जो जीव टाकला तो मी जन्मभर विसरणार नाही. कुणी बावचीचे तेल सांगितले. बावचीत उन्हाशी मिळून त्वचेवर परिणाम करणारे द्रव्य खरोखरच असते आणि आधुनिक उपचारांतही त्याच जातीच्या द्रव्यांचा उपयोग झाला आहे. परंतु वैद्याच्या देखरेखीवाचून ते लावून उन्हात बसले तर फोड येतात. नागपूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेल्या औषधाने दीड वर्षात हनुवटीवरचा डाग भरून आला. ओठावरचा मात्र तसाच राहिला. त्याचे कारण त्यांनी समजावून सांगितले ते असे, की नवा रंग बहुधा केसांच्या मुळांशी दडून राहिलेल्या पेशींकडून येतो, आणि ओठाला केस नसतात. शेतात बियाणेच नसेल तर पाऊस पडून काय उगवणार! डाग वर्षभर जागचा हलला नाही तर शस्त्रक्रियेने रंगपेशींचे रोपण करता येते. अलीकडे, २०२२ साली, अमेरिकेत कोडावरच्या एका नव्या मलमाला मान्यताही मिळाली आहे. माझ्या वेळी यांतले बरेचसे आवाक्याबाहेर होते, आणि एका मर्यादेनंतर मीही दवाखान्यांच्या वाऱ्या थांबवल्या.

पेन्सिल आली ती भाचीमुळे. माझ्या पांढुर्ण्याच्या धाकट्या बहिणीच्या या मुलीने नागपूरला सौंदर्यप्रसाधनाचे शिक्षण घेऊन १९९६ साली घराच्या पुढच्या खोलीत पार्लर उघडले. गोटमारीच्या दिवसात आम्ही माहेरी जमलो होतो. जांब नदीकडून लोकांचा कल्लोळ ऐकू येत होता आणि घरातल्या बायका चिंतेत होत्या, कारण पुरुषमंडळी तिकडे गेलेली. त्या अस्वस्थ दुपारी तिने मला आरशासमोर बसवले. मी म्हटले, “बाई, माझा डाग झाकण्याच्या भानगडीत पडू नकोस. विदूषक दिसेन मी.” ती म्हणाली, “मावशी, डाग नाई झाकत मी. ओठ कुठवर हाये, थेच फक्त दाखवतो.”

ती काय म्हणते आहे ते मला आरशात पाहिल्यावर उमगले. कोडाने माझ्या ओठाचा रंग नेला होता, पण त्याहून अधिक नेली होती ती त्याची हद्द. ओठ कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो ते त्या बाजूला कळत नसे, म्हणून हसले तरी चेहरा वाकडा भासे. भाचीने नवी हद्द आखली नाही. होती तीच पुसट रेषा शोधून काढली, तिच्यावरून मातकट गुलाबी रंगाची पेन्सिल हलक्या हाताने फिरवली, आणि बोटाने ती रेषा इतकी विरवली की रेषा म्हणून काही उरलीच नाही. आरशात माझा १९८८ पूर्वीचा चेहरा होता, फक्त आठ वर्षांनी थोराड झालेला.

हे तंत्र मला परके वाटले नाही, याचे श्रेय माझ्या आजीच्या करंड्याला. त्यात कुंकवाबरोबर मेणाची एक चिमुकली डबी असे. आधी बोटाने कपाळावर मेणाचा गोल ठिपका, त्यावर पिंजर, आणि मग पदराच्या टोकाने भोवतालची जादा पूड टिपून घ्यावयाची. मेण रंगाला धरून ठेवते आणि गोलाची कड राखते. ओठांची पेन्सिल म्हणजे दुसरे काय? मेण, थोडे तेल आणि रंग. तिच्यातला तांबूस-तपकिरी रंग बहुधा लोहाच्या भस्मासारख्या संयुगाचा असतो, आणि आपल्या अंगणातल्या गेरूचा रंगही त्याचाच. लिपस्टिकपेक्षा पेन्सिलीत तेल कमी व मेण अधिक, म्हणून ती पसरत नाही व रंगाला बांध घालते. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गात पार्वतीच्या विवाहप्रसंगीची सजावट वर्णिली आहे, तीत तिच्या खालच्या ओठावर किंचित मेण लावल्याचा उल्लेख आहे. ज्यांना ही सारी पाश्चात्त्यांची थेरे वाटतात, त्यांनी तो सर्ग अवश्य काढून पाहावा.

आणि विडा? कात, चुना आणि पान यांच्या संयोगाने चढणारा रंग ओठाच्या आतल्या बाजूस गडद असतो आणि कडेकडे जाता जाता फिका होतो. आपल्या डोळ्यांना स्त्रीच्या ओठांची जी लाली शतकानुशतके सहज वाटत आली ती ही. आज ज्याला सौम्य, नैसर्गिक प्रसाधन म्हणतात त्याचेही सूत्र तेच आहे: आत रंग, कडेला त्याची नुसती चाहूल. १९५२ साली टाटांच्या तेल-गिरणी कंपनीने ‘लॅक्मे’ हा देशी सौंदर्यप्रसाधनांचा उद्योग सुरू केला आणि लिपस्टिक हळूहळू नागपूरमार्गे आमच्या बाजारातही पोचली. परंतु तेव्हा ओठभर एकसारखा लाल लेप देण्याची चाल होती. गव्हाळ आणि सावळ्या चेहऱ्यांवर तो लेप चेहऱ्याच्या आधी नजरेत भरे. विड्याची रीत विसरल्याचा तो परिणाम असावा, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष कृती. मी शिक्षिका आहे, तेव्हा क्रमाने सांगते.

पेन्सिलीचा रंग साडीवरून निवडू नये, ओठांवरून निवडावा. आपल्याकडे पुष्कळ जणींच्या ओठांची कड काहीशी सावळी आणि आतला भाग गुलाबी असतो. खालचा ओठ किंचित उलटून आतला रंग पाहावा आणि त्याहून एकच छटा गडद पेन्सिल घ्यावी. तपकिरी गुलाबी, विटकरी किंवा कोकमाच्या सालीसारखा रंग बहुतेकींना शोभतो. दुकानात दिव्याखाली पाहून निर्णय करू नये. दाराशी येऊन उजेडात पाहावे.

लावण्यापूर्वी दहा मिनिटे ओठांना साजूक तूप किंवा व्हॅसलीन लावून ठेवावे आणि मग मऊ कापडाने पूर्ण टिपून घ्यावे. कोरड्या, फुटलेल्या ओठांवर पेन्सिल अडखळते आणि तेलकट ओठांवर ती घसरते. पेन्सिलीला टोक काढावे, पण ते मागच्या हातावर एकदा फिरवून बोथट करावे. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या बराच वर असतो, तेव्हा टोक काढताना मेण तुटते. पेन्सिल आधी दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली की ती शहाण्यासारखी वागते.

सुरुवात वरच्या ओठाच्या मध्यावरील खळगीपासून करावी. तेथे दोन लहान तिरप्या रेघा द्याव्या, मग खालच्या ओठाच्या मध्याशी एक आडवी रेघ, आणि नंतर दोन्ही कोपऱ्यांकडून मध्याकडे यावे. एका दमात सलग रेघ ओढू नये. रांगोळीत ठिपके जोडतो तशा लहान लहान रेघा जोडत जाव्या. ओठाची स्वतःची जी कड आहे तिच्यावरच राहावे. ओठ मोठे दिसावेत म्हणून रेघ बाहेर काढली की दुपारपर्यंत ती मिशीसारखी दिसू लागते. मग पेन्सिल आडवी धरून कडेपासून आत थोडा रंग भरावा आणि अनामिकेने, म्हणजे ज्या बोटाचा दाब सर्वांत कमी पडतो त्या बोटाने, रेघ आतल्या बाजूस विरवावी. मध्यभागी हवी तर किंचित लिपस्टिक, नाही तर व्हॅसलीनचा ठिपका. शेवटी कागदी रुमाल ओठांत दाबून जादा रंग टिपावा. आरशापासून दोन हात मागे जाऊन पाहावे. रेघ दिसत असेल तर पुन्हा विरवावी.

उतारवयात ओठांभोवती बारीक सुरकुत्या पडतात आणि लिपस्टिक त्यांतून बाहेर झिरपते. अशा भगिनींना तर ही कड फारच उपयोगी. आणि माझ्यासारखा डाग असेल तर त्या जागी रेघा न ओढता ठिपके द्यावेत, त्यांवर कागदी रुमाल धरून वरून किंचित पावडर थोपटावी, आणि पुन्हा एकदा ठिपके द्यावेत. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा अधिक टिकतात. चहा पिताना मात्र देवाचे नाव घ्यावे!

एक गंभीर सूचना. प्रसाधनांतील काही द्रव्ये स्वतःच त्वचेचा रंग घालवू शकतात. टिकलीच्या मागच्या गोंदातील एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडल्याची उदाहरणे आपल्या देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदली आहेत. म्हणून कोणतीही नवी पेन्सिल आधी कोपराच्या आतल्या बाजूस चार-पाच दिवस लावून पाहावी. खाज, लाली किंवा फिकेपणा आला तर ती टाकून द्यावी, मग ती कितीही महाग असो. ज्यांना कोड आहे त्यांनी ओठ चावणे व खरवडून रंग काढणे टाळावे, कारण जखमेच्या जागी नवा डाग उमटू शकतो. कायमचा रंग गोंदवून घेण्याआधीही याच कारणासाठी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

इथवर सारे सोपे होते. अवघड प्रश्न २००१ साली, मुलीच्या लग्नाच्या वेळी उभा राहिला. स्थळ चांगले होते आणि मंडळी अमरावतीकडून पाहावयास येणार होती. नणंदबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, “वहिनी, काहाले सांगत बसता? पेन्सिल लावून बसा, कोनाले दिसते!” त्यांचा हेतू वाईट नव्हता. आईला कोड आहे एवढ्यावरून मोडलेली लग्ने त्यांनीही पाहिली होती आणि मीही. आनुवंशिकतेचा थोडा भाग कोडात असतो हे खरे, परंतु कोड असणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात दुसऱ्या कुणालाही ते नसते. हे लोकांना कोण समजावणार? महारोग हा हिंदू विवाह कायद्यात १९५५ पासून घटस्फोटाचे एक कारण होता, आणि तो औषधाने पूर्ण बरा होऊ लागल्यावरही ते कलम २०१९ पर्यंत पुस्तकात राहिले. जिथे कायद्याला इतका वेळ लागतो, तिथे सोयऱ्याधायऱ्यांना किती लागावा!

मी यजमानांशी आणि मुलीशी बोलले. मुलगी म्हणाली, “आई, तू कड लावून बैस, पण बाबांनी पत्र आधीच लिहावे.” तसेच केले. पत्रात स्पष्ट लिहिले, की मुलीच्या आईला अमुक वर्षापासून ओठांवर कोड आहे, मुलीला नाही, आणि पुढचे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. नंतर बारा दिवस उत्तर आले नाही. त्या बारा दिवसांत घरात कुणीही त्या पत्राचा विषय काढला नाही आणि दुसऱ्या कोणत्याही विषयावर कुणाचे मन लागले नाही. तेराव्या दिवशी मंडळी आली. मी नेहमीसारखी, हलकी कड लावून पाहुण्यांसमोर पोहे घेऊन गेले. विहीणबाईंनी माझ्याकडे क्षणभर निरखून पाहिले आणि विचारले, “कोणत्या रंगाची आहे हो?” सोयरीक जमली. त्यानंतर मी लग्नात कड लावली, बारशाला लावली, आणि आजारपणात त्या माझ्या उशाशी बसल्या तेव्हा अर्थातच लावलेली नव्हती.

पेन्सिल तीच, माझा हात तोच. पण पत्र गेले नसते तर त्या दिवशी मी पाहुण्यांसमोर धास्तावलेली बसले असते. ज्याला सत्य कळण्याचा हक्क आहे त्याला ते सांगून टाकले, की पुढे ओठाला काय लावावे हा आपला खाजगी आनंद उरतो. गायक मायकेल जॅक्सन यांचा रंग बदलला तेव्हा जगाने नाना तर्क केले. १९९३ च्या मुलाखतीत त्यांनी आपल्याला कोड असल्याचे स्वतः सांगितले, तरी कुजबुज थांबली नाही. २५ जून २००९ रोजी ते गेले, आणि २०११ पासून तो दिवस जगभर कोडाविषयीच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. प्रसाधनाच्या थराखाली एवढा मोठा कलावंत किती एकटा असेल, हे मला कधी कधी जाणवते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतील एक आई आपल्या सातवीतल्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या खालच्या ओठावर डाग होता आणि शाळेच्या संमेलनात तिला जिजाऊंची भूमिका मिळाली होती. मी तिला कड लावावयास शिकवले. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. आईने विचारले, “बाई, आता रोज शाळेत जातानाही लावून पाठवू ना?” मी ओल्या रुमालाने माझ्या ओठांवरची कड पुसली आणि त्या मुलीकडे पाहून म्हटले, “हा माझा ओठ. तुला वाटेल तेव्हा लाव, नको वाटेल तेव्हा लावू नकोस. आईने सांगितले म्हणून नको, आणि मी सांगितले म्हणूनही नको.” मुलगी माझ्या ओठाकडे बराच वेळ टक लावून पाहत राहिली. मग तिने तो डाग किती वर्षांचा आहे ते विचारले, आणि तो वाढला का, आणि दुखतो का, आणि माझे लग्न आधी झाले होते की नंतर. मी सर्व प्रश्नांची उत्तरे दिली.

संमेलनात तिची जिजाऊ उत्तम झाली. पेन्सिल मी तिच्याजवळच ठेवली. ती रोज लावते की नाही, हे मी अद्याप विचारलेले नाही. सकाळी सायकलवरून शाळेला जाताना ती हात करते, पण माझ्या ओट्यापासून रस्ता जरा लांब आहे, आणि या वयात मला तेवढे बारीक दिसतही नाही.